अप्परबरोबर पेटणारे आणि डिपरबरोबर विझणारे पूरक दिवे: जोडणीची पद्धत

नागपूरहून उमरेड ओलांडून भिवापूरच्या दिशेने रात्री गाडी चालवणाऱ्याला कंपनीचा हेडलाइट अपुरा वाटतो, आणि ती तक्रार खोटी नसते. दुतर्फा झाडी, दुभाजक नसलेला रस्ता, कडेला बसलेली जनावरे आणि मधूनच आडवी येणारी रोही (नीलगाय) किंवा रानडुकरे यांच्यासमोर ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदाला सुमारे 22 मीटर पुढे सरकत असते, त्यामुळे अंधारातली आकृती दोन सेकंद आधी दिसली की नंतर, यावर बरेच काही ठरते. म्हणून पुढे दोन पूरक दिवे बसवण्यात गैर काही नाही. मात्र ते दिवे कसे पेटतात यापेक्षा ते कसे विझतात, याचा विचार आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. समोरून गाडी दिसताच चालकाची बोटे सवयीने डिपरकडे, म्हणजे खाली वळलेल्या झोताकडे, जातात आणि त्या एका हालचालीत हेडलाइटच्या अप्परसोबत, म्हणजे दूरवर जाणाऱ्या झोतासोबत, पूरक दिवेही त्याच क्षणी विझले पाहिजेत. डॅशबोर्डवरच्या वेगळ्या बटणाने थेट चालणारे दिवे ही गरज पूर्ण करत नाहीत, कारण थकलेला चालक डिपर देतो पण दुसरे बटण दाबायला विसरतो, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला रस्त्याची कड दिसेनाशी होते.

पुढे दिलेली जोडणी 12 व्होल्टच्या, साध्या बल्बच्या हेडलाइट असलेल्या मोटारी, जीप आणि पिकअप यांच्यासाठी आहे. ट्रक-बससारख्या 24 व्होल्टच्या वाहनांना याच तत्त्वावर, पण 24 व्होल्टचे रिले (लहान प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) आणि दिवे वापरून काम करावे लागते.

आधी नियम, मग खरेदी

मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 52 वाहनातील फेरबदलांबाबत आहे, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 106 हा समोरच्या दिव्यांचा झोत खाली वळलेला किंवा चालकाला खाली वळवता येण्याजोगा असावा, यासाठी आहे. त्याच नियमावलीतील नियम 111 नुसार नोंदणी प्राधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीशिवाय वाहनाच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावता येत नाही. त्यामुळे दुकानात जाण्यापूर्वी ज्या कार्यालयात गाडीची नोंदणी आहे तेथे, म्हणजे नागपूरच्या एमएच 31, एमएच 40 किंवा एमएच 49 यांपैकी आपल्या क्रमांकाच्या परिवहन कार्यालयात, कोणत्या प्रकारचा दिवा चालेल याची विचारपूस करून घ्यावी. छतावर लावलेले दिवे आणि पुढे बसवलेले लोखंडी गार्ड यांचा विचारच करू नये. अशा क्रॅश गार्डमुळे कलम 52 चा भंग होतो, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवलेले आहे, आणि टक्कर झाल्यास असा गार्ड पादचाऱ्याला जास्त इजा करतो, हे त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे.

दिवे निवडताना झोताचा आकार पाहावा. पेन्सिलसारखा अरुंद झोत दूर जातो, पण वळणावर आणि रस्त्याच्या कडेला तो निरुपयोगी ठरतो. पसरट झोत कमी अंतर उजळतो, मात्र कडेच्या झुडपातून बाहेर येणारे जनावर वेळेत दाखवतो. विदर्भातल्या दुपदरी रस्त्यांसाठी मी मध्यम पसरट झोत पसंत करतो. एलईडी घेताना फार निळसर पांढरा प्रकाश टाळावा, कारण पावसात आणि जानेवारीतल्या पहाटेच्या धुक्यात तो डोळ्यांवरच परत येतो आणि ओला डांबरी रस्ता त्यात काळाच दिसतो.

थेट जोड का देऊ नये

हेडलाइटच्या वायरीलाच दोन तारा पिळून पूरक दिवे पेटवता येतात आणि रस्त्याकडेच्या कामात असे जोड आजही दिले जातात. गणित केले की त्यातला धोका दिसतो. 55 वॅटचे दोन हॅलोजन दिवे मिळून 110 वॅट होतात, म्हणजे 12 व्होल्टवर सव्वानऊ अँपिअरच्या आसपास विद्युतप्रवाह लागतो. मूळ अप्परच्या दोन बल्बांसाठीही साधारण तेवढाच लागतो. म्हणजे जी वायर, जो फ्यूज आणि स्टिअरिंगखालचा जो स्विच एका मापाच्या भारासाठी बनवला आहे, त्यावर अचानक दुप्पट भार येतो. माझ्या मेहुण्याच्या गाडीवर असाच जोड दिलेला होता. कोंढाळीच्या पुढे त्याला आधी तापलेल्या प्लास्टिकचा वास आला आणि थोड्या वेळाने डिपरसुद्धा लागेनासा झाला. स्विच उघडून पाहिला तेव्हा आतली पितळी पट्टी निळी-काळी पडली होती आणि तिला धरून ठेवणारे प्लास्टिक मेणासारखे ओघळून एका बाजूला कलले होते. फ्यूज उडाला नव्हता, कारण पहिल्यांदा तो उडाला तेव्हा कोणीतरी त्या जागी मोठ्या मापाचा फ्यूज घातला होता.

रिले हा प्रश्न सोडवतो. रिलेच्या कॉइलला जेमतेम 0.15 अँपिअर पुरतो आणि तेवढ्या नाममात्र इशाऱ्यावर तो बॅटरीतून थेट येणारा मोठा प्रवाह दिव्यांकडे सोडतो. हेडलाइटच्या वायरीतून आपण फक्त इशारा घेतो, भार घेत नाही. साध्या चार पिनांच्या रिलेवर 30, 87, 85 आणि 86 असे आकडे कोरलेले असतात. 30 वर बॅटरीकडून येणारी वायर लागते, 87 वरून दिव्यांकडे जाणारी निघते, आणि 85 व 86 ही कॉइलची दोन टोके असतात. काही रिलेंमध्ये कॉइलला समांतर डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, असतो. अशा वेळी 86 वर प्लस आणि 85 वर मायनस हाच क्रम पाळावा लागतो, नाहीतर डायोडमधून थेट शॉर्ट होतो. रिलेच्या अंगावरची आकृती पाहून हे कळते.

सामान

12 व्होल्टचा 30 किंवा 40 अँपिअरचा रिले त्याच्या बेससह, झाकण असलेला पाणीरोधक फ्यूज होल्डर, दोन 55 वॅटच्या दिव्यांसाठी 15 अँपिअरचा फ्यूज, आतमध्ये खूण-दिवा असलेला एक लहान स्विच, तांब्याचे थिंबल (वायरीच्या टोकावर दाबून बसवायचे टोपण), हीट श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर जोडावर आवळून बसणारी नळी), नालीदार प्लास्टिक पाइप आणि नायलॉनचे टाय एवढे सामान लागते. एलईडी दिवे प्रत्येकी 20 वॅटचे असतील तर दोघांना मिळून साडेतीन अँपिअरसुद्धा लागत नाहीत आणि तेथे 5 अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो. फ्यूज हा दिव्याचे नव्हे तर वायरीचे रक्षण करतो, हे लक्षात ठेवून वायर पेलेल त्यापेक्षा मोठा फ्यूज कधीही घालू नये.

वायरीच्या बाबतीत काटकसर करू नये. मुख्य वायर अडीच चौरस मिलिमीटरची, म्हणजे दुकानदार ज्याला नुसते ‘अडीचची’ म्हणतात ती, घ्यावी आणि ती घरगुती वायरिंगची नव्हे तर वाहनांसाठीची, बारीक तारांची, उष्णता सोसणाऱ्या आवरणाची असावी. तयार मिळणाऱ्या स्वस्त हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, आवरण जाड आणि तांबे बारीक असते. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तीन मीटर वायरीतून नऊ अँपिअर प्रवाह गेला तर वाटेतच जवळजवळ एक व्होल्ट हरवतो, तर अडीचच्या वायरीत ही घट एक पंचमांश व्होल्टच्या आत राहते. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो, त्यामुळे एक व्होल्ट कमी झाला की सुमारे पाव हिस्सा प्रकाश जातो. महागडे दिवे आणून बारीक वायर वापरणाऱ्याला ‘दिवे मंद निघाले’ असे वाटते ते याचमुळे. कॉइलच्या आणि स्विचच्या वायरीला मात्र अर्धा किंवा पाऊण चौरस मिलिमीटर पुरेसा आहे.

आपल्या गाडीचे अप्पर प्लसवर चालते की मायनसवर

या कामात सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून येथे सावकाश जावे. काही गाड्यांत हेडलाइटची समाईक वायर, म्हणजे अप्पर आणि डिपर दोन्हींसाठी एकच असलेली, अर्थला (गाडीच्या पत्र्याला, म्हणजेच बॅटरीच्या मायनसला) असते आणि स्विच प्लस देऊन अप्पर पेटवतो. काही गाड्यांत, विशेषतः जपानी घडणीच्या अनेक मॉडेलांत, समाईक वायरीवर प्लस असतो आणि स्विच अप्परचे टोक अर्थला जोडून तो पेटवतो. दोन्हींत रिलेची जोडणी वेगळी असते. रंगावरून अंदाज बांधू नये, मल्टिमीटरने मोजावे.

तीन पिनांच्या बल्बचा कपलर (मागून बसणारा वायरींचा प्लग) बल्बवरच राहू द्यावा. मल्टिमीटरची काळी टोकणी बॅटरीच्या मायनसवर ठेवावी आणि लाल टोकणीला लावलेली बारीक सुई कपलरच्या मागून, वायरीचे आवरण न भोसकता, पिनेपर्यंत सरकवावी. कपलर काढून मोजले तर मायनसवर चालणाऱ्या गाडीत अप्परच्या पिनेवर कोणत्याच वेळी काही दिसत नाही आणि मोजणारा गोंधळतो. आता हेडलाइट डिपरवर लावून तीनही पिना मोजाव्यात आणि नंतर अप्परवर लावून पुन्हा मोजाव्यात. अप्परच्या पिनेवर अप्पर लावतानाच 12 व्होल्ट आले आणि समाईक पिनेवर नेहमी शून्य राहिले, तर गाडी प्लसवर चालणारी आहे. समाईक पिनेवर 12 व्होल्ट कायम राहिले आणि अप्परची पिन डिपरच्या वेळी 12 दाखवून अप्पर लावताच शून्याजवळ आली, तर गाडी मायनसवर चालणारी आहे. डिपरच्या वेळी त्या पिनेवर दिसणारे 12 व्होल्ट बल्बच्या न पेटलेल्या फिलामेंटमधून आलेले असतात.

प्लसवर चालणाऱ्या गाडीत अप्परच्या वायरीतून जोड घेऊन तो डॅशबोर्डच्या स्विचमार्गे 86 वर न्यावा आणि 85 अर्थला द्यावा. मायनसवर चालणाऱ्या गाडीत त्याच हेडलाइटच्या समाईक प्लसमधून जोड घेऊन स्विचमार्गे 86 वर न्यावा आणि 85 अप्परच्या पिनेच्या वायरीला जोडावा. या दुसऱ्या प्रकारात 86 साठी थेट बॅटरीवरून प्लस घेण्याचा मोह टाळावा. हेडलाइट बंद असताना कॉइलमधून आणि फिलामेंटमधून उलटा प्रवाह वाट काढतो, मग कधी रिले चिकटून राहतो तर कधी डॅशबोर्डवरचा अप्परची खूण दाखवणारा निळा दिवा मंद तेवत राहतो, आणि दोष शोधण्यात दिवस जातो. समाईक प्लस वापरला की डिपरवर कॉइलच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज मिळतो आणि रिले शांत राहतो.

ज्या नव्या गाड्यांचे हेडलाइट संगणकीय नियंत्रकाच्या ताब्यात असतात किंवा मुळातच एलईडी असतात, त्यांच्या वायरीत असा जोड घेऊ नये. त्या वायरीत प्रवाह अनेकदा तुटक स्पंदनांत वाहत असतो, त्याने रिले खडखडतो, शिवाय नियंत्रक बिघाडाची खूण दाखवू शकतो. तेथे उत्पादकाच्या अधिकृत केंद्रातच काम करून घ्यावे. दुचाकींच्या बाबतीतही चार्जिंगची क्षमता तुटपुंजी असल्यामुळे कमी वॅटचे एलईडी वगळता काही लावू नये.

प्रत्यक्ष जोडणी

इंजिन गार झाल्यावर बॅटरीची मायनस क्लिप सर्वांत आधी सोडावी. प्लस आधी सोडली आणि पाना गाडीच्या पत्र्याला लागला तर ठिणगी उडते. दिवे बंपरवर किंवा खालच्या मजबूत पट्टीवर, हेडलाइटच्या उंचीपेक्षा वर जाणार नाहीत असे बसवावेत. ते नंबरप्लेट झाकणार नाहीत आणि रेडिएटरकडे जाणारी हवा अडवणार नाहीत, हेही पाहावे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या आपल्या नागपुरात रेडिएटरसमोरची थोडी जागा अडली तरी एसी लावून चढ चढताना इंजिनाच्या तापमानाचा काटा वर जातो.

रिले बॅटरीजवळ, पण इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, आणि पिना खाली करून बसवावा, म्हणजे धुताना किंवा पावसात पाणी आत साचत नाही. बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज होल्डरपर्यंतचे अंतर एका वितीपेक्षा जास्त नसावे, कारण फ्यूजच्या अलीकडचा तुकडा कोणाच्याही संरक्षणात नसतो. फ्यूज आताच घालू नये. होल्डरपासून 30 पर्यंत आणि 87 पासून दिव्यांच्या प्लसपर्यंत अडीचची वायर न्यावी. दिव्यांचा अर्थ रंगावर किंवा गंजावर घेऊ नये. बोल्टखालचा पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासून थिंबल घट्ट कसावे आणि वर थोडे ग्रीस लावावे. पुष्कळदा ‘दिवा मिचकतो’ या तक्रारीचे मूळ याच एका बोल्टखाली सापडते.

थिंबल पक्कडीने चेपून चालत नाही, क्रिम्पिंगच्या हत्याराने ते दाबावे आणि नंतर ओढून पाहावे. जोडावर नुसती काळी टेप गुंडाळली तर ती आपल्याकडच्या उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते, म्हणून हीट श्रिंक ट्यूबच वापरावी. वायर नालीदार पाइपमधून न्यावी. घराबाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर बोनेटखाली शिरतात आणि मऊ आवरण कुरतडतात, पाइपमुळे तो त्रास बराच कमी होतो. सायलेन्सरचे नळकांडे, पंख्याची पाती आणि स्टिअरिंगचा दांडा यांपासून वायर दूर ठेवून दर वीतभर अंतरावर टाय बांधावा. स्विचची वायर आत नेताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रॉमेट (भोकाच्या कडेवर बसणारी कडी) हवेच, आणि आत शिरण्यापूर्वी वायरीला खालच्या बाजूने थोडा झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथून ठिबकून जाते, केबिनमध्ये येत नाही. डॅशबोर्डखालच्या पिवळ्या कपलरांना हात लावू नये, ते एअरबॅगचे असतात.

तपासणी

बॅटरीची मायनस क्लिप परत जोडावी, पण फ्यूज बाहेरच ठेवावा. डॅशबोर्डचा स्विच चालू करून अप्पर लावल्यावर रिलेचा बारीक ‘टक्’ आवाज ऐकू आला पाहिजे आणि डिपर देताच तो पुन्हा आला पाहिजे. हे बरोबर असेल तरच फ्यूज घालावा. यानंतर हेडलाइट बंद, नुसते पार्किंग दिवे, डिपर, अप्पर, पासिंगची झलक आणि स्विच बंद ठेवून अप्पर, अशा सर्व अवस्था एकेक करून पाहाव्यात. पूरक दिवे फक्त स्विच चालू असताना आणि अप्पर किंवा पासिंग लागलेले असतानाच पेटावेत. इतर कोणत्याही अवस्थेत ते पेटले, अगदी मंदही, तर जोडणी उलगडून पुन्हा पाहावी.

मग इंजिन चालू ठेवून, दिवे पेटवून, बॅटरीच्या टोकांवर आणि दिव्याच्या टोकांवर व्होल्टेज मोजावा. दोन्हींतला फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर कोठेतरी जोड ढिला आहे किंवा वायर बारीक आहे. दहा-पंधरा मिनिटांनी फ्यूज होल्डर आणि प्रत्येक जोड बोटांनी चाचपावा. कोमट लागला तर चालेल, बोट ठेववत नसेल तर नाही.

झोत लावण्यासाठी सपाट जागेवर भिंतीपासून 10 मीटर अंतरावर गाडी उभी करावी. वाडीकडच्या एखाद्या गोदामाची लांब भिंत रात्री रिकामी मिळाली तर काम सोपे होते. गाडीत नेहमी असतो तेवढा भार, म्हणजे माणसे, सामान किंवा संत्र्याच्या पेट्या, भरूनच मोजावे, कारण मागचा भाग दबला की पुढचा झोत वर उचलला जातो. दिव्यांच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखावी आणि झोताचा सर्वांत तेजस्वी भाग त्या रेषेच्या सुमारे 10 सेंटिमीटर खाली आणावा. एक दिवा झाकून दुसरा लावावा, मग अदलाबदल करावी. बोल्ट पक्के केल्यावर पुन्हा एकदा पाहावे, कसताना दिवा हमखास थोडा फिरतो.

देवलापारकडून पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर किंवा उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या बाजूने जाताना कडेला जनावर दिसले तर डिपर द्यावा आणि वेग कमी करावा. चितळ किंवा रोही तीव्र झोतात जागीच थिजते आणि वाटेतून हलत नाही. डोळ्यांवरचा प्रकाश गेला की बहुधा ते दोन उड्यांत बाजूला होते.

पहिल्या आठवड्यानंतर दिव्यांचे आणि अर्थचे बोल्ट पुन्हा कसावेत, आणि मृग लागण्यापूर्वी दरवर्षी फ्यूज होल्डर उघडून त्यात हिरवट गंज धरला आहे का ते पाहावे. जोडणीची हाताने काढलेली आकृती आणि त्याच मापाचे दोन फ्यूज डॅशबोर्डच्या खणात ठेवावेत, म्हणजे रात्री वाटेत फ्यूज उडाला तर हाताला लागेल तो मोठा फ्यूज घालण्याची वेळ कोणावर येणार नाही.